ऑफिसात सगळ्यांनी मिळून खायचा ग्लुटेन-फ्री नाचणी-कोको केक

ऑफिसात कोणाचा वाढदिवस असला की केक येतो, कापला जातो, आणि टीममधलं एक माणूस हसत बाजूला उभं राहतं. "मला नको, तुम्ही घ्या." सिलिअ‍ॅक (ग्लुटेन, म्हणजे गहू, जव यांतलं प्रथिन, न चालण्याचा आजार) असलेल्यांना हे इतक्या वेळा म्हणावं लागतं की बाकीच्यांनाही ते सवयीचं होऊन जातं. कोणी चांगल्या मनाने त्यांच्यासाठी वेगळी चिक्की किंवा वेफर्सचं पाकीट आणून ठेवतं. तेही बरंच आहे, पण मला ते पुरेसं वाटत नाही. एकच केक असावा, सगळ्यांनी तोच खावा, आणि तो मैद्याशिवायचा आहे हे सांगितल्याखेरीज कोणाच्या लक्षातही येऊ नये. तांदूळ, नाचणी, कोको, दही आणि इसबगोल एवढ्यावर असा केक उत्तम होतो. अंडं लागत नाही, सुकामेवा लागत नाही, त्यामुळे ऑफिसातल्या बहुतेकांना चालतो.

पाककृती सोपी आहे. मेहनत आहे ती स्वयंपाकघरात. आपल्या घरांमध्ये रोज पोळ्या होतात आणि गव्हाचं पीठ कुठे कुठे पोचलेलं असतं याचा अंदाज आपल्याला नसतो. म्हणून थेट साहित्याकडे जाऊ नका. आधीचा भाग वाचा, कारण केक सुरक्षित होतो तो तिथेच.

आधी विचारून घ्या

ज्यांच्यासाठी करताय त्यांच्याशी आठवडाभर आधी बोला, आणि चारचौघांत नको. "शुक्रवारी केक आणायचं म्हणतेय, तुम्हाला चालेल असाच करायचाय. काय काय सांभाळू?" एवढं पुरतं. आजाराची चौकशी करायची गरज नाही, पण काटेकोरपणा किती हवा हे मात्र कळायला हवं.

सिलिअ‍ॅकमध्ये ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अन्नरस शोषून घेणारे तिथले सूक्ष्म उंचवटे झिजतात. मग लोह कमी पडतं, वजन घटतं, हाडं कमकुवत होतात. यावर उपाय एकच, ग्लुटेन जन्मभर पूर्ण बंद. एखाद्या वेळी खाऊन लगेच त्रास झाला नाही तरी आतड्याला इजा होऊ शकते, म्हणून "एका घासाने काय होतंय" हे वाक्य त्यांच्यासमोर कधीही म्हणू नका. गव्हाची अ‍ॅलर्जी हा वेगळा प्रकार आहे. त्यात काही मिनिटांत अंगावर गांधी उठू शकतात, श्वासाला त्रास होऊ शकतो. आणि काही जणांना गहू नुसता जड पडतो. केक करताना या तिघांसाठीही नियम एकच ठेवा: गव्हाचा कणसुद्धा नको.

ऑफिसात कोणी तरी हमखास म्हणतं की हे सगळं अलीकडचं फॅड आहे. गहू आणि सिलिअ‍ॅकचा संबंध दाखवून दिला तो विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. त्याला गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या शेवटी, नेदरलँड्समध्ये ब्रेड मिळेनासा झाला. त्या उपासमारीतही सिलिअ‍ॅकची मुलं सुधारताना दिसली आणि ब्रेड परत आल्यावर पुन्हा आजारी पडली, तेव्हा तो संशय पक्का झाला. १९५० साली त्याने यावर प्रबंध लिहिला. म्हणजे ही माहिती जुनी आणि पक्की आहे.

बोलताना आणखी एक विचारा: दूध चालतं का? सिलिअ‍ॅकचं निदान नुकतंच झालेल्यांना आतडं सावरेपर्यंत दूध पचत नाही असं पुष्कळदा होतं. तसं असेल तर दही-दुधाऐवजी नारळाचं दूध वापरता येतं, त्याचं प्रमाण पुढे दिलं आहे.

आणि त्या व्यक्तीने "नको, मी दुसऱ्याच्या घरचं खात नाही" म्हटलं तर तिथेच थांबा. आपल्याकडे आग्रह हा प्रेमाचा भाग समजतात, पण इथे आग्रह केला तर त्या माणसावर भलतंच ओझं येतं. तुम्ही कितीही काळजी घेतली तरी धोका त्यांच्या शरीराला आहे, निर्णयही त्यांचाच.

किती कण म्हणजे जास्त?

भारतात पाकिटावर "ग्लुटेन-फ्री" छापायचं असेल तर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. मैद्यात साधारण ८ ते १० टक्के ग्लुटेन असतं, म्हणजे ग्रॅमभर मैद्यात ८० ते १०० मिलिग्रॅम. आपला केक भाजल्यावर साधारण किलोभर भरतो. पाव ग्रॅम मैदा, म्हणजे जेमतेम एक चिमूट, अख्ख्या केकमध्ये मिसळला तरी तो या मर्यादेवर जाऊन पोचतो. न धुतलेल्या चाळणीच्या जाळीत याहून जास्त पीठ अडकलेलं असतं.

आणि भाजल्याने, उकळल्याने ग्लुटेन नष्ट होत नाही. ते मायक्रोवेव्हनेही जात नाही, सॅनिटायझरने तर नाहीच. घासून, धुऊन काढूनच टाकावं लागतं.

पीठ: गिरणीतलं नको

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि तोच सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. तांदळात ग्लुटेन नाही, नाचणीत नाही, ज्वारी-बाजरीतही नाही. पण ही धान्यं कोपऱ्यावरच्या गिरणीत दळून आणली की हिशेब बदलतो. ज्या जात्यावर आत्ताच कोणाचा पाच किलो गहू दळला गेला, त्यावर तुमची नाचणी पडते. आधीच्या दळणाचं पीठ जात्याच्या फटीत, पन्हळीत, पीठ गोळा होणाऱ्या कापडी पिशवीत राहिलेलं असतं. तांदळाला किंवा बेसनाला वेगळी चक्की असली तरी दोन्ही एकाच खोलीत चालतात आणि हवेत पीठ उडतच असतं. घरची घरघंटी असेल आणि तिच्यात गहू दळत असाल तर तिचीही तीच गत.

मग दोन मार्ग उरतात. पहिला, "ग्लुटेन-फ्री" असं स्पष्ट छापलेलं तांदळाचं आणि नाचणीचं पीठ विकत आणायचं. नुसतं "नाचणी पीठ" किंवा "मिलेट पीठ" लिहिलेलं पुरत नाही. मागच्या बाजूला अ‍ॅलर्जीविषयीची ओळ असते, तिथे "गहू असू शकतो" किंवा "गहू हाताळणाऱ्या कारखान्यात तयार केलेले" असं लिहिलेलं असेल तर ते पाकीट ठेवून द्या.

दुसरा मार्ग, अख्खं धान्य आणून घरच्या मिक्सरमध्ये दळायचं. तांदूळ आणि नाचणी ताटात पसरून नीट निवडा, कारण सुट्या धान्यात गव्हाचे दाणे निघतात. नाचणी बारीक असल्यामुळे तिच्यातला गहू चटकन दिसतो. मग धान्य तीन-चार पाण्यांनी धुवा आणि नव्या किंवा स्वच्छ धुतलेल्या कापडावर पसरून पूर्ण वाळवा. मोदकाच्या पिठीला तांदूळ जरा दमट चालतात. केकसाठी मात्र खडखडीत वाळलेले हवेत, नाहीतर वजनात पाणी धरलं जातं आणि सगळं प्रमाण चुकतं. थोडं थोडं करून बारीक दळा आणि बारीक जाळीच्या चाळणीतून दोनदा चाळा. मिक्सरचं भांडं, पाती आणि झाकणाखालचं रबर आधी घासून घ्या. त्या रबराच्या खाचेत काय काय असतं ते एकदा काढून बघाच.

चिकट, जाड तांदळापेक्षा कोलम किंवा साधा जुना तांदूळ बरा. इंद्रायणीने केक चिकटसर होतो.

दुसऱ्या नावाने आलेला गहू

रवा, शेवया, दलिया हे गव्हाचेच आहेत. रव्याचा केक मैद्याशिवायचा, म्हणून चालेल, असं पुष्कळांना वाटतं. आपला घरचा रवा केक असो की गोव्याचा ओलं खोबरं घातलेला बाथ, तो यांना चालत नाही. खपली गहू पचायला हलका म्हणून हल्ली आवडीने खाल्ला जातो, पण तो गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन असतं. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, सातूच्या पिठातही असतो. माल्ट म्हणजे बहुतेक वेळा जव, त्यामुळे माल्टची चॉकलेट पावडर कोकोऐवजी वापरू नका. बाजारात "नाचणी बिस्किटं" म्हणून मिळणाऱ्या बहुतेक बिस्किटांत मैदा किंवा कणीक असते, तेव्हा त्यांचा चुरा सजावटीला नको.

केकला हिंग लागत नाही, पण केकबरोबर चिवडा न्यायचा विचार असेल तर लक्षात ठेवा: आपल्या डब्यातला बांधणीचा हिंग बहुतेक वेळा मैद्यात किंवा कणकेत बांधलेला असतो. पोहे निर्धोक, फोडणी नाही.

बेकिंग पावडरमध्येही स्टार्च घातलेला असतो. बहुधा तो मक्याचा असतो, पण लेबल वाचा. इसबगोल साधं घ्या. संत्र्याच्या स्वादाचं, साखर घातलेलं नको.

ओटा, भांडी आणि वेळ

ज्या दिवशी केक करायचा त्या दिवशी आधी केक, मग पोळ्या. किंवा पोळ्या सकाळी उरकून, ओटा पुसून, केक रात्री. कणीक मळताना आणि पोळीला पीठ लावताना जे उडतं ते बराच वेळ हवेत राहून हळूहळू खाली बसत असतं. एका बाजूला पोळ्या आणि दुसऱ्या बाजूला केक, हे चालणार नाही.

ओटा साबणाच्या पाण्याने धुवा आणि ताज्या फडक्याने पुसा. रोजचं ओट्याचं फडकं आणि भांड्यांची घासणी बाजूला ठेवा. घासणी नवी काढा, दहा रुपयांचा प्रश्न आहे. लाकडी डाव, लाकडी पाट यांच्या रेघांमध्ये पीठ बसतं, ते वापरू नका. स्टील आणि काच सगळ्यात चांगली. ज्या चाळणीने तुम्ही आजवर मैदा चाळलात ती कितीही घासली तरी भरवशाची नाही, तेव्हा एक नवी घ्या आणि तिच्यावर खूण करून ठेवा.

तेल, साखर आणि लोणी नव्या पाकिटातलं हवं. लोण्याच्या डबीत पोळीला किंवा ब्रेडला लावलेली सुरी परत बुडलेली असते. साखरेच्या डब्यात कणकेची वाटी गेलेली असते. पुऱ्या तळून उरलेलं तेल तर नकोच.

केकच्या डब्याला तूप लावून मैदा भुरभुरवायची आपली सवय असते. हात आपोआप मैद्याच्या डब्याकडे जातो, म्हणून तो डबा आधीच कपाटात बंद करा. डब्याला बेकिंग पेपर लावा किंवा कोको भुरभुरवा.

ओव्हनच्या तळाचा ट्रे काढून चुरा झाडा, पुसून घ्या, आणि जाळीवर फॉइल पसरा. पंख्याचा ओव्हन असेल तर पंखा बंद ठेवा. तो आतला जुना चुरा उडवत राहतो.

साहित्य

२० सेंटिमीटर, म्हणजे ८ इंची चौकोनी डब्यासाठी. १६ मध्यम किंवा २० लहान तुकडे होतात. वजनकाटा वापरा. घरोघरी वाट्या वेगळ्या असतात, आणि ग्लुटेन नसलेल्या केकमध्ये पाणी थोडं कमीजास्त झालं तरी लगेच फरक पडतो.

तांदळाचं पीठ १२० ग्रॅम
नाचणीचं पीठ ८० ग्रॅम
कॉर्नफ्लोअर ४० ग्रॅम (पांढरा स्टार्च, पिवळं मक्याचं पीठ नव्हे)
इसबगोलाचा भुसा १० ग्रॅम, साधारण दोन भरघोस टेबलस्पून
कोको ४० ग्रॅम, गोड नसलेला
साखर २०० ग्रॅम
दही २४० ग्रॅम, ताजं आणि घट्ट
दूध १८० मि.ली.
सूर्यफुलाचं तेल ११० मि.ली.
बेकिंग पावडर २ टीस्पून, खायचा सोडा अर्धा टीस्पून
इन्स्टंट कॉफी १ टीस्पून, मीठ पाव टीस्पून, व्हॅनिला १ टीस्पून

दूध चालत नसेल तर दही आणि दूध या दोन्हींऐवजी ३८० मि.ली. नारळाचं दूध आणि एक टेबलस्पून लिंबाचा रस. लिंबू टाळू नका, सोड्याला आंबटपणा लागतोच.

हे प्रमाण असं का, ते थोडक्यात सांगते, म्हणजे बदल करताना अंदाज येईल. गव्हाच्या पिठात पाणी पडलं की ग्लुटेनचं ताणलं जाणारं जाळं तयार होतं आणि केक फुगताना निघणारा वायू त्यात अडकतो. तांदळाला ते जमत नाही. नुसत्या तांदळाचा केक रवाळ होतो, नुसत्या नाचणीचा जड आणि कोरडा. कॉर्नफ्लोअरने हलकेपणा येतो. पण सगळ्यात मोठं काम इसबगोल करतं. ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतं, लवचिक होतं, आणि वायू कोंडून ठेवायला मदत करतं. पाश्चात्त्य पाककृतींमध्ये यासाठी झँथन गम लिहिलेला असतो. तो शोधत फिरायची गरज नाही, इसबगोल प्रत्येक औषधाच्या दुकानात आहे, आणि मला त्याने येणारा पोत जास्त आवडतो. भुशाऐवजी इसबगोलाची बारीक पूड मिळाली तर वजन तेवढंच ठेवा, चमचे मोजू नका. पूड चमच्यात जास्त मावते.

नाचणी आणि कोको यांचं जमतं छान. नाचणीचा मातकट खमंगपणा कोकोत मिसळून जातो, रंगही एकजीव दिसतो. कॉफीची चव वेगळी कळत नाही, ती कोकोला उठाव देते.

कृती

१. दूध गरम करा, उकळायला नको. त्यात कोको आणि कॉफी घालून गुठळी राहणार नाही असं फेटा. कोमट होऊ द्या. गरम दुधात भिजलेल्या कोकोचा स्वाद कोरड्या कोकोपेक्षा बराच खुलतो.

२. तांदळाचं पीठ, नाचणीचं पीठ आणि कॉर्नफ्लोअर एकत्र चाळा. इसबगोल चाळणीतून जाणार नाही, ते वरून घालून हाताने नीट मिसळा. ओल्या मिश्रणात सरळ टाकलं तर त्याचे गोळे होतात आणि ते पुढे काही केल्या मोडत नाहीत.

३. मोठ्या भांड्यात दही, साखर, तेल, मीठ आणि व्हॅनिला घ्या. साखरेची कचकच जाईपर्यंत फेटा. त्यात कोकोचं दूध ओता.

४. पिठं घाला आणि दोन मिनिटं चांगलं फेटा. मैद्याच्या केकला जास्त फेटलं तर तो चिवट होतो. इथे ग्लुटेनच नाही, त्यामुळे ती भीती नाही.

५. झाकून अर्धा तास ठेवा. ही पायरी गाळू नका. तांदळाचं पीठ पाणी सावकाश पितं. त्याला वेळ दिला नाही तर भाजल्यावर केक दाताखाली रेतीसारखा लागतो. सोडा आणि बेकिंग पावडर अजून घातलेली नाही, ती याचसाठी.

६. ओव्हन १७० अंश सेल्सिअसवर, वरचा आणि खालचा दोन्ही रॉड लावून, पंधरा मिनिटं तापवा. डब्याला बेकिंग पेपर लावा. दोन बाजूंनी थोडा बाहेर ठेवा, उचलायला सोपं जातं.

७. अर्ध्या तासाने मिश्रण घट्ट झालेलं असेल. डावातून ओतताना ते इडलीच्या पिठाइतकं सैल पडायला हवं. पडत नसेल तर दोन-तीन टेबलस्पून दूध घाला. पीठ किती बारीक आहे, दही किती घट्ट आहे, यावर हे ठरतं, त्यामुळे डोळ्यांवर भरवसा ठेवा.

८. बेकिंग पावडर आणि सोडा गाळणीतून भुरभुरवा, भरभर वीसेक सेकंद ढवळा, लगेच डब्यात ओता, डबा एकदा ओट्यावर आपटा आणि ओव्हनमध्ये मधल्या जाळीवर ठेवा. इथे फोन घेऊ नका.

९. ४० ते ४५ मिनिटं लागतात. पहिली तीस मिनिटं दार उघडू नका. मधोमध टोचलेली काडी कोरडी निघाली आणि केकने कडा सोडायला सुरुवात केली की झाला. तापमापी असेल तर आतलं तापमान ९६ अंशांच्या पुढे गेलेलं हवं. ग्लुटेन-फ्री केकची काडी कधी कधी फसवते, वर कोरडी आणि आत ओलसर, म्हणून दोन ठिकाणी टोचा.

१०. डब्यातच वीस मिनिटं ठेवा. गरम असताना हा केक मोडतो. मग पेपरसकट उचलून जाळीवर ठेवा आणि पूर्ण गार होऊ द्या. कापायचा तो दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रभरात ओलावा सारखा पसरतो आणि तुकडे स्वच्छ पडतात.

ओव्हन नसेल तर जुन्या मोठ्या कुकरमध्ये तळाला जाडं मीठ पसरून, त्यावर स्टँड ठेवून, शिटी आणि रबर काढून, मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग सहा-सात इंची गोल डबा ठेवून मंद आचेवर पन्नास मिनिटं ते तासभर. अख्खं मिश्रण एका डब्यात मावणार नाही, दोन खेपा करा. मिश्रणाचे दोन भाग आधी करून ठेवा आणि बेकिंग पावडर-सोडा प्रत्येक खेपेला वेगळा घाला.

वरून काही हवंच असेल तर २५ ग्रॅम कोको, ६० ग्रॅम साखर, ८० मि.ली. दूध आणि ३० ग्रॅम लोणी एकत्र शिजवा. चमच्याच्या पाठीला लेप बसला की उतरवा, कोमट झाल्यावर केकवर पसरा. क्रीमच्या फंदात पडू नका. लोकलच्या गर्दीत किंवा मे महिन्यातल्या बसमध्ये क्रीम टिकत नाही. हा केक नुसताही चांगला लागतो.

बिघडलं तर

मध्ये बसला, तर बहुतेक वेळा तो कच्चा राहिलेला असतो किंवा दार लवकर उघडलेलं असतं. खालचा थर चिकट झाला, तर इसबगोल जास्त पडलं किंवा गरम केक डब्यातच फार वेळ घाम धरून राहिला. रवाळ लागला, तर पीठ जाड होतं किंवा अर्धा तास दिला नाही. कोरडा पडून चुरा होत असेल तर भाजणं जास्त झालं. पुढच्या वेळी पाच मिनिटं आधी बघा. प्रत्येक ओव्हनचा स्वभाव वेगळा असतो, म्हणून ऑफिसात न्यायच्या आधीच्या रविवारी एकदा घरी करून बघाच. चुकलेला केक घरात संपतो, त्याची काळजी नको.

ऑफिसात नेताना

वापरलेल्या प्रत्येक पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो काढून त्या सहकाऱ्याला आदल्या दिवशी पाठवा. शक्यतो मागितल्याशिवाय. त्यांना लेबलं वाचायची सवय आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असते आणि तुमच्या नजरेतून सुटलेलं त्यांना दिसू शकतं. काही खटकलं तर ते सांगतील, आणि सांगायला त्यांना अवघड वाटणार नाही असं वागा.

तुकडे घरीच कापा. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, तळाला आणि थरांमध्ये बेकिंग पेपर घाला. पोळीभाजीच्या डब्याच्या पिशवीत तो ठेवू नका. त्या सहकाऱ्याचे दोन तुकडे वेगळ्या छोट्या डब्यात, नाव लिहून, आधीच बंद करा. केक सगळ्यांचा एकच आहे, तरीही हे करा, कारण धोका आता ऑफिसातल्या टेबलावर आहे.

त्या टेबलावर समोसे असतात, पॅटिस असतात, खारी असते. खारीचा चुरा कुठवर उडतो ते आठवा. एका हाताने समोसा खाऊन त्याच हाताने केकचा तुकडा उचलला जातो. कोणी तरी दुसऱ्या केकची सुरी याला लावतं. एकमेकांना केक भरवायची पद्धत तर सगळीकडेच आहे. म्हणून तुमचा डबा वेगळ्या टेबलावर ठेवा, वाढायला चिमटा घरून न्या, आणि बाकीचे खोके उघडायच्या आधी हा वाटा. पँट्रीतली सुरी आणि मायक्रोवेव्ह यांच्या वाट्याला जाऊ नका. डब्याशेजारी घटकांची चिठ्ठी ठेवा: तांदूळ, नाचणी, मका, इसबगोल, कोको, दूध, दही, साखर, तेल, आणि वर लेप दिला असेल तर लोणी. "अंडं नाही, सुकामेवा घातलेला नाही" हेही लिहा, म्हणजे प्रत्येकाला येऊन विचारावं लागत नाही.

आणि वाटताना "हा आमच्या अमक्यासाठी खास केलाय" अशी घोषणा करू नका. प्रेमानेच म्हटलेलं असतं, पण सगळ्यांच्या नजरा त्या माणसाकडे वळतात आणि मग पथ्यावरच्या प्रश्नांना सुरुवात होते. "नाचणीचा केक आणलाय, घ्या" एवढंच म्हणा.

तीस-पस्तीस जणांची टीम असेल तर प्रमाण दुप्पट करा, पण एका मोठ्या डब्यात ओतू नका. दोन डबे लावा. मोठ्या डब्यात कडा वाळतात आणि मधला भाग ओला राहतो.

उरलेले तुकडे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका, तिथे तांदळाचा स्टार्च लवकर कडक होतो आणि दुसऱ्या दिवशी केक सुकल्यासारखा लागतो. दीड-दोन दिवस बाहेर, बंद डब्यात चांगला राहतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत किंवा कडक उन्हाळ्यात एकच दिवस धरा. त्याहून जास्त ठेवायचा असेल तर प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका. महिनाभर टिकतो, आणि बाहेर काढून तासभर ठेवला की पुन्हा मऊ होतो. पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाचा मैद्याचा केक ऑफिसात येणार असेल तेव्हा यातलेच दोन तुकडे बंद डब्यात घालून घेऊन जा.